टाकीतली म्हैस

मामांचा टेम्पो बंद पडला तेव्हा त्याच्या सिलिंडरात गॅस होता, बॅटरीत जीव होता आणि पुढे ताजी लिंबू-मिरची होती.

नारायणगावहून टोमॅटो वाशीला टाकायचे आणि रिकामे क्रेट घेऊन माळशेजने परत यायचं, हा मामांचा वर्षानुवर्षांचा फेरा. त्या दिवशी ते घाटाच्या अलीकडे, टोकावड्याला चहाला थांबले. चहा झाला, चावी फिरवली. स्टार्टर कुरकुरत राहिला, इंजिन काही पेट घेईना. आता हा टेम्पो गॅसवर पळतो खरा, पण उठतो पेट्रोलवर. इंजिन जरा तापलं की मग गॅसकडे वळतो. आणि पेट्रोल मामांच्या टाकीत असायचं ते निरांजनातल्या तेलाइतकं. वात भिजली की झालं. गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल भरणं म्हणजे मामांच्या मते जेवून आल्यावर हॉटेलात बसण्यासारखं होतं.

गाडी बंद पडली की माणसं कुठून येतात हे एक कोडंच आहे. एसटीच्या ड्रायव्हरने लांबूनच निदान केलं, "एअर घेतली. हवा काढा." तो आयुष्यभर डिझेलवर जगलेला, त्याला दुसरा आजार ठाऊक नव्हता. जीपवाला म्हणाला, प्लग. बुलेटवाला म्हणाला, बॅटरी. एका गृहस्थाने कार्बोरेटर उघडायला सांगितलं. या गाडीला कार्बोरेटर नसतोच, असं कळल्यावर "मग तिथंच तर घोळ झालाय," म्हणून तो समाधानाने तंबाखू मळू लागला.

त्याचंही अगदीच चूक नव्हतं. जुन्या जीपला किंवा ॲम्बेसिडरला पेट्रोलचा पंप इंजिनाच्या कुशीला असे. आत एक पडदा, बाहेर एक छोटी दांडी. दांडी हाताने दाबली की पेट्रोल वर चढायचं. फिल्टर पारदर्शक, कचरा दिसायचा. मग इंजेक्टर आले. त्यांना पेट्रोल नुसतं पोचून भागत नाही, दाबाने लागतं. साधारण तीन बार, म्हणजे टेम्पोवाल्यांच्या भाषेत चाळीस-पंचेचाळीस पौंड. म्हणून विजेवर चालणारा पंप आला आणि तो थेट टाकीतच जाऊन बसला.

टाकीत का? ज्याने कधी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढलंय त्याला विचारा. ओढणं अवघड, ढकलणं सोपं. ओढताना नळीतला दाब उतरतो, उन्हाने तापलेल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ पीत बसतो. तळाशी बसून ढकललं की ती भानगड नाही. विजेची मोटर पेट्रोलात बुडवून ठेवली आहे हे ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो. पण मोटरच्या आत जळायला हवाच नसते, त्यामुळे काही होत नाही. उलट पेट्रोल त्या मोटरच्या पोटातूनच वाहतं, तिला थंड ठेवतं आणि वंगणही पुरवतं. भर उन्हाळ्यात डबक्यात डुंबणारी म्हैसच म्हणा ना. आणि मामांनी वर्षभर डबकं आटवून ठेवलं होतं.

तेवढ्यात पंक्चरच्या दुकानातला पोऱ्या आला. वय असेल सतरा-अठरा. म्हणाला, "मामा, चावी नुसती ऑन करा. स्टार्ट मारू नका. बाकीच्यांनी गप बसा." तो टाकीला कान लावून बसला. चावी ऑन केली की दोन-तीन सेकंद टाकीतून 'घूंऽऽ' असा आवाज यायला हवा. पंप लाइनीत दाब भरतो, त्याचा. आवाज नव्हता. मामा हा आवाज रोज ऐकत होते, पण तो कधी थांबला ते मात्र त्यांना सांगता येईना. पोऱ्याने फ्यूज पाहिला, शाबूत. हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी बसवला, तरी शांतता. मग चाकाखालची लाकडी उटी घेऊन त्याने टाकीच्या बुडाला दोन ठोसे दिले.

घूंऽऽ.

आतले कार्बन झिजले की आर्मेचर एका जागी अडकतं, धक्का बसला की एक-दोन वेळा फिरतं. "पुन्हा बंद केली तर माझी गॅरंटी नाही," पोऱ्या म्हणाला. मामांनी ते इतकं मनावर घेतलं की घाट चढून, आळेफाटा ओलांडून गावच्या गॅरेजात शिरेपर्यंत ते लघवीलासुद्धा थांबले नाहीत.

गॅरेजात कळलं की पंपापर्यंत पोचायला टाकीच उतरवावी लागते. मिस्त्रींनी आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला, मग बघ्यांपैकी एकाची बिडी. टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट असे गंजलेले की ऑइल पाजून तासभर मुरत ठेवावे लागले. जॅकवर फळी, फळीवर टाकी. वरची गोल रिंग पितळी दांड्याने टकटक करत फिरवली. लोखंडाची ठिणगी तिथे परवडत नाही. पंपाची असेंब्ली बाहेर आली तेव्हा तिच्या पायातली जाळी, जी मोज्यासारखी पांढरी असते, ती चहाच्या टपरीवरच्या फडक्याच्या रंगाची झाली होती.

उरलेलं पेट्रोल मिस्त्रींनी काचेच्या बरणीत ओतलं. थोड्या वेळाने त्यात दोन थर दिसले. "खालचं काय?" मामांनी विचारलं. "पाणी आणि इथेनॉल." फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल जुन्या टाकीतला चिकटलेला मळ सोडवतं आणि हवेतला ओलावा ओढतं. पुरेसं पाणी शिरलं की पेट्रोलशी काडीमोड घेऊन पाण्यासकट तळाला जातं, आणि पंपाचं तोंड नेमकं तिथेच. टाकी रिकामी म्हणजे आत हवा जास्त, आणि हवा माळशेजच्या पावसाळ्यातली. मामांचा स्वतःचा दोन एकर ऊस दरवर्षी कारखान्याला जातो. तो इथेनॉल होऊन आपल्याच टाकीत असा परत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

बारीक फिल्टर असेंब्लीतच होता. तो म्हणे 'आजन्म' चालतो. कोणाचा जन्म, हे कंपन्या सांगत नाहीत. अख्खी असेंब्ली नवी आली, रबरी रिंगही नवी. पेट्रोलात फुगलेली जुनी रिंग पुन्हा खाचेत बसत नाही. बिल पाहून मामांनी गॅसवर वाचवलेल्या पैशांचा हिशेब मनात केला आणि तो मोठ्याने सांगितला नाही.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. फक्त असेंब्ली आत घालताना फ्लोटची तार कुठेतरी वाकली असावी, कारण पेट्रोलचा काटा तळाला चिकटला तो वर यायलाच तयार नाही. लाल दिवा कायम. "टाकी परत उतरवू?" मिस्त्रींनी विचारलं. मामांनी दोन्ही हात जोडले.

आता वाशीहून परतताना मामा दर खेपेला पंपावर थांबतात.

"मामा, टाकी गळ्याशी आलीय," पंपावरचा पोरगा परवा म्हणाला.

"असू दे," मामा म्हणाले, "काटा बघ की."