पैसे मोजून भिजलेला बाळापूरकर

मृगाचा पाऊस लांबला की आमच्या आखाडा बाळापुरात सगळ्यात मोठा गळा मी काढतो. साहजिकच, पाऊस आपल्याला फार आवडतो असा माझा समज होता. त्या भरात भर जुलैत आंबोलीच्या जंगलातली एक खोली ठरवली. शेजारचे मामा म्हणाले, "भिजायला पैसे द्यायलाव व्हय?" मी त्यांना पर्यावरण पर्यटनावर व्याख्यान दिलं.

आकडे मात्र पाहिले नव्हते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात वर्षाकाठी १००० मिलिमीटरच्या आतच पाऊस. आंबोलीत ७००० च्या वर. म्हणजे आमची सात वर्षं तिथं एका पावसाळ्यात कोसळतात. मी पोचलो तेव्हा बहुधा चौथं वर्ष चालू होतं.

खोलीत टीव्ही नाही, मोबाईलला रेंज नाही. वाळत घातलेला बनियन सकाळी आणखी ओला. व्यवस्थापकाला म्हटलं, "ओल फार आहे हो." तो शांतपणे म्हणाला, "सदाहरित जंगल आहे ना, साहेब." उत्तर बरोबर असल्यानं भांडता आलं नाही.

रात्री बॅटऱ्या घेऊन जंगलफेरी. माझी तयारी वाघाची होती. वाटाड्या पोरगा डबक्यावर झुकलेल्या फांदीवरचा फेस दाखवत बसला. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. अंड्यांतून पिल्लं बाहेर पडली की थेट खालच्या पाण्यात. तेवढ्यात एक हिरवागार बेडूक बोटांमधले लालसर पडदे पसरून फांदीवरून तरंगत खाली आला. त्याच क्षणी शेवाळलेल्या जांभ्यावरून मीही तरंगलो.

"काका, हलू नका!" पोरगा धावला. मला बरं वाटलं. पण त्यानं उजेड पाडला तो माझ्या हाताशेजारी बसलेल्या चिमुकल्या भेकावर. आंबोली टोड! २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला, अतिसंकटग्रस्त यादीतला, आणि या परिसराबाहेर जवळपास कुठंच नसलेला. त्याला काही लागलं नाही ना, हे नीट पाहून झाल्यावर मग मला उठवण्यात आलं.

खोलीत मोजे काढले तर जळवा. त्या चावलेल्या कळत नाहीत, पण रक्त लवकर थांबतही नाही. बायकोनं पिशवीतून वसमतची हळद काढली. "२०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय हिला," ती पुटपुटली, "आणि लावायची कुठं, तर तुमच्या पायाला!" रक्त त्याच्या सवडीनं थांबलं, पाय मात्र नवरदेवाचा झाला.

तुम्हीही आंबोलीला जा, आणि पावसातच जा. वाघ मागू नका, कपडे वाळायची आशा धरू नका. एवढंच करा, की पाय बघून टाका. तिथले भेक दुसरीकडं मिळायचे नाहीत; बाळापूरकर पुष्कळ आहेत.