गयतीवाले बापू

खानदेशात ‘ळ’चा ‘य’ होतो. धुळ्याचं धुये, जळगावचं जयगाव, डाळीची डाय. त्यामुळे आमच्या कॉलनीतले बापू ओरडतात ते “गयती शे!” असं, आणि दिवसातून निदान सहा वेळा ओरडतात. नळाची गळती त्यांच्या खिजगणतीत नाही, ती नुसती पाण्याची. बापूंचा जन्म गेला तो हवेची गळती हुडकण्यात.

मूळचे धुळ्याचे, पांझरेकाठचे. आग्रा रोडने नाकासमोर उत्तरेला निघालं की सुमारे अडीचशे किलोमीटरवर इंदूर लागतं. तिथल्या राजा रामण्णा केंद्रात इलेक्ट्रॉन पळवायची यंत्रं आहेत. त्यातलं इंडस-2 म्हणजे 172 मीटर घेराचं कडंच. अशा यंत्रांच्या नळ्या आखण्यात बापूंची नोकरी सरली. इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत ठेवायचा तर वाटेत हवेचा रेणू आडवा येता कामा नये. म्हणून आतली हवा उपसत राहायची, इतकी, की बाहेर लाख कोटी रेणू असतील तिथे आत एखादाच उरावा. म्हणजे बापूंनी तीस-पस्तीस वर्षं घाम गाळून काय बनवलं, तर काही नाही. त्यांची आई गल्लीत अभिमानाने सांगायची, “मन्हा आंडोर काहीच नई करस, पण पगार भलता भेटस!”

निवृत्त होऊन ते जळगावला लेकीजवळ राहायला आले तेव्हा कुणीतरी सहज म्हणालं, “काय बापू, आता रिकामेच ना?” दुसरा कुणी चिडला असता. बापूंनी शांतपणे विचारलं, “किती रिकामा? आकडा सांगा.”

घरात स्टीलच्या भांड्याला त्यांचा उघडा हात लागत नाही. ताट उचलायचं तर रुमालाने, कडेला धरून. पोकळीच्या नळीला आतून बोटाचा ठसा राहिला, तर त्यातला तेलकटपणा दिवसचे दिवस हळूहळू वाफ होऊन सुटत राहतो आणि पंप बिचारा धापा टाकतो. हे खरंच आहे. पण ते वरणाच्या वाटीला का लागू करावं, हे त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, अजून उमगलेलं नाही. एकदा पाहुण्याने पेल्यात बोटं घालून तो उचलला, तर बापूंनी असा चेहरा केला की पाहुण्याला वाटलं, घरात सोवळं आहे.

जळगावचा मे महिना सगळ्यांना नकोसा. बापू मात्र खुलतात. पोलादाच्या अंगाला चिकटलेली पाण्याची वाफ घालवायला नळी दीडशे-दोनशे अंशांवर भाजावी लागते. “अठ्ठेचाळीस अंश तर सूर्य फुकट देऊन राहिला,” असं म्हणत ते गच्चीवर रिकामे डबे उन्हात मांडतात. शेजारीण पापड घेऊन येते आणि जागा नाही म्हणून परत जाते.

हिवाळ्यात भरीत पार्टीला त्यांना नेऊ नये, असं ठरतं आणि दरवर्षी नेलं जातं. शेतात काड्यांवर वांगी भाजत असतात, कळण्याच्या भाकऱ्यांचा वास सुटलेला असतो आणि बापू हातात वांगं घेऊन उभे राहतात. “तुमचा जाळ सालीपासून आत जातो. आमचा दहा मिलियन व्होल्टचा इलेक्ट्रॉनांचा झोत घ्या. त्याचा मारा सालीवर कमी, दोन-अडीच सेंटिमीटर आत सगळ्यात जास्त, अन् पाच सेंटिमीटरनंतर खलास!” यजमानाने बामणोदचं गलेलठ्ठ वांगं पुढे केलं. “अन् याच्या मधोमध पोचायचं तर?” बापू म्हणाले, “मग उलटवायचं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.” यजमान काडीने वांगं उलटवत म्हणाला, “तेच तर करू राहिलो ना, भो!”

सराफ बाजारात बापूंना मान आहे, गैरसमजातून मिळालेला. झोताने साधा पुष्कराज निळा करता येतो, हे ते एका दुकानात बोलून गेले. सोन्याच्या गावात पुढचा प्रश्न ठरलेला. बापूंनी सर्न प्रयोगशाळेची गोष्ट सांगितली: तिथे शिशाचे अणुगर्भ एकमेकांच्या अगदी जवळून नेले, तेव्हा काहींचं खरोखर सोनं झालं, असं 2025 साली जाहीर झालं. 2015 ते 2018 मिळून 29 पिकोग्रॅम. ग्रॅमचे लाख कोटी भाग करा, त्यातले एकोणतीस. शेठजींनी चष्मा वर केला. “घडणावळ काय पडली?” बापूंनी सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्याचं वर्णन केलं. तयार झालेलं सोनं लगेच नळीच्या भिंतीवर आदळून फुटतं, हेही सांगितलं. शेठजी हळहळले. “अरेरे, म्हणजे मोडसुद्धा येणार नाही!”

परवा त्यांच्याकडे गेलो तर स्वयंपाकघरात शांतता. काकूंनी तुरीची डाळ भाजून गरम गरमच स्टीलच्या डब्यात भरली होती, झाकण दाबून बसवलं होतं. डबा थंड झाला आणि झाकण हलेना. बापू डब्याला कान लावून बसलेले. “वीस सेंटिमीटरचं झाकण आहे. आत पूर्ण पोकळी असती तर वर तीनशे किलो भार. तीन क्विंटल कापूस!” मग मला हळूच, “रात्रीपासून टिकली आहे. जराही गयती नाही.”

“अहो, आमटी टाकायची आहे,” काकू म्हणाल्या.

“आज पिठलं करा.”

“कालही पिठलंच होतं.”

काकूंनी उलथन्याची कड झाकणाखाली सारली. फुस्स! बापूंनी डोळे मिटून घेतले. पुष्कळ वेळाने, घसा खाकरून, त्यांनी विचारलं, “किती होती?”

“सव्वा किलो,” काकू डाळ निवडत म्हणाल्या. “येताना अजून आणा.”