सगळंच कोल्हापुरी

बँकेच्या कर्ज विभागात उभा जन्म घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दोन गोष्टी हमखास मिळतात: गुडघेदुखी आणि नातेवाइकांचे धंदे. गुडघ्यांना निदान तेल चोळता येतं. धंदेवाल्या नातेवाइकाला काय चोळायचं, हे कुठल्याच वैद्यानं लिहून ठेवलेलं नाही.

"दादा, माझ्या पोराला जरा मार्गी लाव. मी सांगून सांगून दमलो," बहीण फोनवर म्हणाली.

भाच्याकडे मार्गांची टंचाई नव्हती, हीच तर अडचण होती. शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत बरी नोकरी होती त्याला. पण 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं हुबेहूब कोल्हापुरी वाटावी अशी चप्पल फिरवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. लाखाच्या घरातल्या किमतीची चर्चा झाली. अख्खं गाव पेटलं. बाकीचे चार दिवस चिडले आणि पुन्हा कामाला लागले. भाच्यानं राजीनामा दिला. "मामा, आपल्या वस्तू आपणच जगात न्यायच्या. नाद खुळा करून सोडतो बघा!"

'वस्तू' हे अनेकवचन मी तेव्हाच हेरायला हवं होतं, असं बहिणीचं मत आहे. मी दुकानाची पाटी बघेपर्यंत थांबलो.

पाटी रंगवणाऱ्यानं सुरुवात मोठ्या झोकात केली होती. 'चप्पल' हा शब्द बिंदू चौकातून वाचता यावा एवढा. त्याखाली गूळ. मग कांदा-लसूण मसाला, फेटे, कोल्हापुरी साज, नथ, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं वाटण, मिसळीचा कट. जागा संपत गेली तशी अक्षरं बारीक होत गेली, आणि 'लग्नाच्या ऑर्डरी घेतल्या जातील' ही शेवटची ओळ तर डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीसारखी, चष्म्याचा नंबर ठरवण्यापुरतीच उरली होती.

आत तर संमेलनच भरलं होतं. चामडं आणि मसाला एका खोलीत सुखानं नांदत नाहीत, हे कुणी सांगायला नको. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं शेजाऱ्याचा वास मनापासून धरतं. एका गिऱ्हाइकानं चप्पल नाकाशी नेऊन विचारलं म्हणे, "ही पायात घालायची का फोडणीत?" पावसाळ्यात गुळाला पाणी सुटलं, चपलांवर बुरशी चढली आणि मुंग्यांनी आपली ये-जा दोन्ही मांडण्यांवरून सुरू केली. तेवढ्या एकाच खात्यात उलाढाल चांगली होती.

मी खुर्ची ओढली आणि जुन्या सवयीनं पहिला प्रश्न टाकला. "तुझं गिऱ्हाईक कोण?"

"अख्खं जग, मामा."

"जगाची केवायसी होत नाही रे. नीट सांग."

त्यावर त्यानं मला जे सुनावलं ते ऐकून बाहेरचा रिक्षावाला थांबला. कोल्हापूर म्हणजे नुसती चप्पल नव्हे. इथल्या गुळाला 2014 मध्ये जीआय मिळालाय. हुपरीची चांदी, कापशीची चप्पल, इचलकरंजीचे माग, ह्यातलं काय सोडायचं ते तुम्हीच सांगा. पोराचा उत्साह असा की रिक्षावाल्यानं त्या भरात अर्धा किलो मसाला नेला. पैसे उद्या देतो म्हणाला.

मी म्हटलं, "खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ आहे, उद्यमनगरात फडतरेंची मिसळ आहे. मिसळीला रांग लावलेला माणूस तिथं नथ मागतो का?"

इथं भाच्यानं हुकमाचं पान काढलं. "आणि बाबूराव पेंटर? चित्रं काढायचे, शिल्पं करायचे, नाटकाचे पडदे रंगवायचे, सिनेमा काढायचे, त्याची पोस्टरंही रंगवायचे. कॅमेरासुद्धा घरचा! त्यांना कोण म्हणालं होतं, एकच काय ते धरा म्हणून?"

कोल्हापुरात वादात बाबूराव पेंटर आले की समोरच्यानं टोपी काढून गप्प बसायचं असतं. मी बसलो. संध्याकाळी मात्र त्याला खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी घेऊन गेलो. पुढाऱ्यांचे पुतळे गावोगाव असतात. कॅमेऱ्याला खांबावर बसवणारं गाव विरळाच.

"हे बघ," मी म्हटलं, "बाबूरावांनी कॅमेरा केला तो दुकानात मांडायला नव्हे. त्यांना सिनेमा काढायचा होता. कॅमेरा जमल्यावर 1920 मध्ये 'सैरंध्री' आला. पडदे रंगवलेला हात सेटला लागला, चित्रकाराची नजर पोस्टरला लागली. कामं दहा, पण सगळी एका सिनेमाच्या चाकरीला. पुढं 1929 मध्ये त्यांच्याच तालमीतले दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांना घेऊन ह्याच कोल्हापुरात प्रभात काढली. ध्वनी दामल्यांकडं, कला फत्तेलालांकडं, कॅमेरा धायबरांकडं, दिग्दर्शन शांतारामांकडं, पैसा कुलकर्ण्यांकडं. पाच माणसं, पाच कामं, सिनेमा एक. तुझ्याकडं माणूस एक आणि सिनेमे आठ. त्यातल्या एकाचाही इंटरव्हल झालेला नाही."

भाचा बराच वेळ स्तंभाकडं बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, एकच ठेवलं आणि तेच नाही चाललं तर?"

आता कुठं तो खरं बोलला. बँकेत मी असे प्रकल्प अहवाल पुष्कळ पाहिलेत. शेळीपालन, त्यातच रोपवाटिका, वर झेरॉक्सचं मशीन. आम्ही साहेब लोक त्यावर 'दिशाहीन' असा शेरा मारून मोकळे व्हायचो. पण दिशा कळत नाही म्हणून कुणी आठ वस्तू मांडत नाही. भीती वाटते म्हणून मांडतो. मसाला नाही खपला तर गूळ आहे, गूळ नाही खपला तर फेटा आहे. अपयश आठ ठिकाणी वाटून टाकलं की कुणाच्याच वाट्याला फारसं येत नाही. एकच वस्तू ठेवली की दुकानात दोघंच उरतात: ती वस्तू आणि आपण. मग लपायला फेट्यांचा ढीगही नसतो.

धीर द्यायला मला भाषण येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली. म्हटलं, प्रत्येक मालातली खोट सांग.

"मसाल्यात काय खोट? जगात भारी आहे."

"गूळ?"

"एक नंबर."

"साज?"

"विषयच नाही."

"चप्पल?"

आणि गडी सुटला. ह्या जोडाची वेणी सैल पडलीय. ह्याचा तळ ओलसर असतानाच शिवलाय, वाळल्यावर कडा उचलणार. ह्या कापशीचे कान लहान-मोठे झालेत. ह्याच्या तळात विंचू नीट बसला नाही, म्हणून चालताना करकर वाजत नाही, नुसती कण्हते. चहा आला, गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. मी म्हटलं, थांब. ज्या मालाला तू इतक्या शिव्या देऊ शकतोस, तोच तुझा. बाकीच्यांशी तुझी नुसती ओळख आहे.

पाटी पुसायला रंगवण्याच्या दुप्पट पैसे पडले. उरलेला माल नात्यागोत्यात गेला. आमच्या घरी मसाल्याचा एवढा साठा झाला की बायको पाहुण्यांना निरोपाचा नारळ देण्याऐवजी पुडा देते. भाचा आता सकाळी सुभाषनगरात कारागिरांच्या शेजारी जाऊन बसतो. खिळा न ठोकता चामड्याच्या वादीनं तळ कसा शिवतात, बायकांच्या हातातली वेणी सारखी का येते, हे बघतो. चपलेला 2019 मध्ये जीआय मिळाला तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. म्हणजे नुसत्या नावावर विकायचं म्हटलं तर वाटेकरी पुष्कळ. उरते ती शिवण, असं आता तोच मला ऐकवतो.

परवा अंबाबाईचं दर्शन करून पुण्याचं एक जोडपं दुकानात आलं. बाईंना नवी चप्पल चावत होती. पूर्वी भाच्यानं त्यांच्या हातात गुळाची ढेप ठेवून विषय गोड केला असता. आता ढेप नव्हती. त्यानं पाय बघितला, अंगठा कुठं घासतो ते बघितलं, तेल लावून पट्टा नरम केला, आणि तरीही नाही पटलं तेव्हा माप घेऊन नवा जोड शिवायला टाकला. बाई खूश झाल्या. निघताना सहज म्हणाल्या, "तुमच्याकडे कांदा-लसूण मसाला नाही का मिळत?"

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. घशात काहीतरी वर-खाली झालं. कपाळावर घाम आला. "नाही," तो म्हणाला.

एवढ्या कष्टानं काढलेला नकार मी बँकेतही कधी ऐकला नव्हता. आणि तिथं तर नकार देणं हीच माझी नोकरी होती.