टीव्हीवर दिसलेलं कोपर

खाटेवर जुनं पातळ अंथरून मी ज्वारीचे बिबडे वाळत घालत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून जिजींची हाक आली. "ऐकलं का वं? आमच्या भाच्याचा पोरगा मुंबईत सिनेमाच्या बक्षीस समारंभात नाचला. पहिल्याच गाण्यात!"

"मग टीव्हीवर दिसला का?"

"एक कोपर दिसलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तीन रात्री तालीम, जमिनीवर पांढऱ्या पट्टीच्या खुणा, गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. प्रेक्षकांनीही पुन्हा तेवढ्याच हौसेनं टाळ्या वाजवायच्या. आणि टीव्हीवर यायच्या आधी कात्री.

"जिजी, ऑस्करला अशी कात्री चालत नाही," मी म्हटलं. "तिथं जे होतं ते जगभर तेव्हाच दिसतं. २०१९ला तर सूत्रसंचालकच नव्हता. पडदा उघडला तो थेट क्वीनच्या गाण्यावर. त्या बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, पण तो १९९१लाच गेला. गायला ॲडम लॅम्बर्ट."

"म्हणजे सूत्रधाराविना नांदी," जिजी म्हणाल्या. संगीत नाटकं बघत वाढलेली बाई, नेमकं बोलते.

"आणि ते 'नाटू नाटू'?" त्यांनी विचारलं.

ते सुरुवातीचं नव्हतं, पण खरा जीव त्यातच होता. राहुल सिप्लीगुंज आणि कालभैरव रंगमंचावर प्रत्यक्ष गायले, मागं कीव्हच्या राजवाड्याचा देखावा. सिनेमात त्यावर नाचलेले रामचरण आणि ज्युनियर एनटीआर मात्र तिथं नाचले नाहीत. तालमीला वेळ कमी होता, असं तिथल्या निर्मात्यानं सांगितलं. त्या निर्मात्याचं नाव राज कपूर! (आपला नव्हे, तिकडचा.)

"काबर नाही नाचले? दोन दिवस आधी गेले असते," जिजी चिडल्या. मला मात्र त्या दोघा नटांचं पटतं. अर्धवट तयारीनं जगासमोर उभं राहण्यापेक्षा खुर्चीत बसून टाळ्या वाजवाव्यात. नाचणाऱ्यांत पुढं आपल्याकडचं कोणी नव्हतं, त्यावर लोक बोलले, ते रास्तच होतं. तरी सगळं सभागृह उभं राहिलं, आणि गाण्याला ऑस्करही मिळालं.

"तारीख कोणती होती?"

"१२ मार्च २०२३."

बिबडा उलटता उलटता जिजींचा हात थांबला. "१२ मार्च? 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११चा. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. तरी ते रंगमंचावर उभे राहिले. लहानपणी इथं, जळगावात, मेहबूबखाँकडे गाणं शिकलेला माणूस तो."

दोघीही जरा वेळ काही बोललो नाही. मग जिजींनी एक कच्चा बिबडा मोडून अर्धा भिंतीवरून माझ्या हातात दिला.

"जानेवारीत बालगंधर्व महोत्सव आहे," त्या म्हणाल्या. "तिथं कात्री नाही. लवकर ये, पुढची खुर्ची धरून ठेवते. आणि त्या पोरालाही बोलावते, आख्खा दिसू दे एकदा."