मामांचा काटा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दर गल्लीत एक तरी मामा सापडतोच. कुणाच्या आईचा भाऊ असण्याची अट नाही. पत्र्याची शेड, वेल्डिंगचं मशीन, खिशात खडू आणि लोखंडाकडे नुसतं बघून किलो सांगणारी नजर, एवढ्या भांडवलावर माणूस मामा होतो. आमच्या मामांकडे वजनकाटाही आहे, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. स्वतः मामा त्यावर चहाची किटली ठेवतात.

मामांना आकडेमोड येत नाही, असा माझा बरेच दिवस समज होता. मग एकदा वेल्डिंग रॉडच्या रिकाम्या खोक्यामागे त्यांच्या अक्षरात मंत्र दिसला : ‘गोल – त्यालाच त्यानं गुणा, 162 नं भागा.’ म्हणजे 12 एमएमची सळई असेल तर बारा बारे एकशे चव्वेचाळीस, भागिले 162. मीटरला 890 ग्रॅमच्या आसपास. खाली पत्र्याचा हिशेब होता : एक चौरस मीटर, जाडी एक एमएम, की 7.85 किलो. मी खोकं दाखवल्यावर मामा लाजले. लपवलेलं प्रेमपत्र सापडावं तसे. “ते पोरांसाठी लिवलंय,” म्हणाले. एरवी मामा एमएममध्ये बोलतही नाहीत. त्यांच्या लेखी इंचाला आठ सूत, आणि 10 एमएमची सळई म्हणजे ‘तीन सुती’. एमएम बिलावर लिहायचं, सूत तोंडानं बोलायचं.

ही नजर शेडबाहेरही मिटत नाही. लग्नाला गेले की अक्षता हातात, डोळे मांडवाच्या सांगाड्यावर. एकदा मामींबरोबर सराफकट्ट्यावर गेले. अंगठी बघून म्हणाले, चार ग्रॅम. काट्यावर दहा भरली. सोनं लोखंडाच्या जवळजवळ अडीचपट जड, हे नजरेला कोण सांगणार? मामांनी सराफाला बाजूला घेऊन समजावलं, “काटा तपासून घ्या, जादा दावतोय.”

आमच्या गेटाचं काम निघालं तेव्हा माझा भाचा पुण्याहून आला होता. इंजिनिअर. दोन झडपा, प्रत्येक पाच बाय पाच फूट. कडेनं आणि मधून 40 एमएमचा चौकोनी पाइप, भिंत 2 एमएम. 12 एमएमचे बावीस चौरस बार. खाली 16 गेजचा पत्रा. भाच्यानं लॅपटॉप उघडला आणि दहा मिनिटांत आकडा काढला : 263 किलो 600 ग्रॅम. ग्रॅमसकट! मामांनी ड्रॉइंगवर एक नजर टाकली, किटलीतला चहा ओतला आणि म्हणाले, “एकशे चार. बिजागऱ्या-कडी धरून.”

भाच्यानं एक्सेल फिरवून दाखवलं. मामांनी चष्मा लावून रकान्यांवरून बोट फिरवलं, ते पाइपाच्या ओळीवर थांबलं.

“पोरा, पाइप आतनं पोकळ असतोय. न्हाईतर त्याला पाइप कशाला म्हणलं असतं?”

भाच्यानं पाइप सबंध भरीव धरला होता. दुरुस्ती केली, आकडा एकशे साडेआठवर आला. तरी साडेचार किलो जास्तच. “कागदावरचा पाइप दोन एमएम,” मामा म्हणाले, “बाजारातला दोन म्हणून येतोय.” (हे वाक्य मी तेव्हा विनोद समजून सोडून दिलं. पुढं कॅलिपर लावून बघितलं तर 1.8.)

हार मानण्याआधी भाच्यानं शेवटचा बाण सोडला. शेडमधल्या जुन्या कॅलेंडरवर आयफेल टॉवरचं चित्र होतं. “मामा, ह्यात लोखंड किती असेल?” मामा बराच वेळ बघत राहिले. मग भाच्यानंच सांगितलं, “सात हजार तीनशे टन. 1889 साली पुरा झाला.” मला वाटलं, आता तरी मामा चकित होतील.

“बरं,” मामा म्हणाले, “आणि कट पिसं कुणी न्हेली?”

गेट तयार झालं. रंगाच्या आधी, माझ्या हट्टापायी, किटली उचलून काट्यावर चढवलं. 104 किलो 700 ग्रॅम. मामांनी वरचे सातशे ग्रॅम सोडले आणि ते पुन्हा पुन्हा बोलून दाखवले.

आता एकच गोष्ट. त्या गेटाला पाइप लागला पन्नास फूट. पाइप येतो वीस फुटी, म्हणजे तीन नग आणले. उरले दहा फूट. मी विचारलं तर मामा म्हणाले, “वेस्टेज. रेटात धरलंय.” गेल्या आठवड्यात शेडवरून जाताना पाण्याच्या पिंपाखाली नवा कोरा स्टँड दिसला, 40 एमएमच्या चौकोनी पाइपाचा. मी थांबलो, नुसतं बघितलं. साडेसहा किलो.