तोंडातल्या तोंडात

पुलगावात हळू बोलायचा रिवाज नाही. हावडा-मुंबई लाइनवरच्या गाड्या दिवसरात्र धडधडत जातात, त्यामुळे निम्मं बोलणं दोनदा करावं लागतं. कापडगिरणी चालू होती तेव्हा साच्यांच्या खडखडाटात पाळी करून आलेला माणूस ताटावर मीठही असं मागायचा, की शेजारणीनं वाटी घेऊन यावं. गिरणी बंद पडली, आवाज तेवढा राहिला.

अशा गावातली नववीची पोरगी परवा इंग्रजीचं गाइड घेऊन आली. मंबल, मटर आणि मर्मर, तिन्हींपुढे अर्थ छापलेला: पुटपुटणे.
“काका, अर्थ एकच, तं तीन शब्द कायले केले जी?”

प्रश्न वाजवी होता. मंबलसाठी मी कोपऱ्यावरच्या पानठेल्याकडे बोट दाखवलं. गालात खर्रा धरून एक गृहस्थ कुणाला तरी आर्वीचा रस्ता सांगत होते. मान वर, ओठ बंद, हाताच्या खुणा फार आणि अक्षरं फक्त ‘ऊं’ आणि ‘हूं’. त्यांना लपवायचं काहीच नाही, तोंड रिकामं नाही इतकंच. लाजरा नवरदेव उखाणा घेतो तेही मंबलच. ऐकणाऱ्याला कळावं अशी इच्छा असते, पण कळत नाही.

मटर त्याहून पोचलेला. त्यात थोडा राग लागतो. वरणात मीठ नसलं की आजोबा ताटाकडे बघून काहीतरी म्हणतात. काय म्हणाले ते कळू नये, पण म्हणाले हे कळावं, असा बेतशीर आवाज असतो. “काही म्हणालात का?” “काही नाही.” हे ‘काही नाही’ म्हटल्याशिवाय मटर पुरा होतच नाही. सरकारी खिडकीमागे हा प्रकार फार चांगला जोपासला जातो.

मर्मरमध्ये मात्र राग असलाच पाहिजे असं नाही. सर वर्गाबाहेर गेले की मागे जो एकसारखा आवाज उठतो तो मर्मर. हिवाळ्यात वर्धा नदीचं पाणी उतरून दगडांवरून जातं, तोही. सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टर छातीला नळी लावून ‘मर्मर आहे’ म्हणतात, तेव्हा हृदयातून रक्त खळखळत जात असतं. काही मर्मर अगदी निरुपद्रवी असतात, पण हे पेशंटच्या बायकोला पटवणं अवघड.

राहिलं व्हिस्पर. ते म्हणजे नुसतं हळू बोलणं नव्हे. त्यात स्वरतंतू कंप पावतच नाहीत. पोरीला गळ्यावर बोट ठेवून करून बघ म्हटलं, तर तिनं आधी मोठ्यानं ओरडून फरक तपासला. पुलगावची.

मराठीनं आपली वाटणी निराळी केलीय. इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघते, आपण ऐकणाऱ्याच्या वैतागाकडे. कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण... कान किती पिकले त्यावर शब्द ठरतो. मोल्सवर्थसाहेबांनी आपल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857च्या आवृत्तीत जवळपास साठ हजार शब्द गोळा केले. असल्या जोडशब्दांशी झुंजताना साहेब स्वतः किती वेळा मटरले असतील, कोण जाणे.

गंमत म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्याचं नाव झालं ते न बोलण्यानं. गांधीजींचा सोमवार मौनाचा. विनोबांनी 25 डिसेंबर 1974पासून पवनारला वर्षभर मौन पाळलं, आणि त्या काळात आणीबाणीबद्दल लिहिलेल्या ‘अनुशासन पर्व’ या दोनच शब्दांवर अख्खा देश भांडला.

पुलगावचं मौन दारूगोळ्याच्या डेपोतलं. तिथं काम करणाऱ्या शेजाऱ्याला विचारा, “आज काय केलं भाऊ?”
“ड्युटी.”
आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, गालात खर्रासुद्धा नाही. आणि कळलं काय, तर काही नाही. पोरीनं याला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारलं. मी म्हटलं, परीक्षेत येत नाही.