मित्राला येशू कसा सांगावा? नवशिक्यांसाठी काही उपयुक्त सूचना

सर्वप्रथम एक मित्र मिळवावा. वाचून हसू येईल, पण बहुतेक उत्साही मंडळी इथेच घसरतात. रविवारी उपासना, बुधवारी प्रार्थनासभा, शनिवारी तरुण संघ आणि उरलेल्या वेळात त्याच माणसांच्या घरचे वाढदिवस. चर्चबाहेरचा मित्र अशा माणसाला असणार कुठून? त्याच्याकडे असतात ते ‘संपर्क’. त्यांची नावं वहीत असतात आणि नावापुढे प्रार्थनेची खूण. ती वही आधी कपाटात टाका. सोसायटीच्या क्रिकेटमध्ये उन्हात फिल्डिंगला उभे राहा. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं पेन्शनचं काम करून द्या.

दुसरी पायरी म्हणजे गप्प बसणे. हिला मुदत नाही. वर्षानुवर्षं बेपत्ता असलेला शाळूसोबती अचानक चहाला बोलावतो, तेव्हा तो विमा विकायला आलाय हे आपण दारातच ओळखतो. तसा वास तुमच्या चहाला येता कामा नये. पहाटे पावणेसहाला उगवत्या सूर्याच्या चित्रावर वचन छापून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याची सवयही याच पायरीवर सोडायची आहे. मित्र तुम्हाला सभ्यपणे ‘म्यूट’ करतो आणि भेटल्यावर ‘छान असतात हं तुमचे मेसेज’ म्हणतो.

तिसरी पायरी बहुधा हॉस्पिटलात येते. मित्राचे वडील अ‍ॅडमिट आहेत. जाताना डबा न्या: मऊ भात, मुगाचं वरण, वेगळ्या डबीत लिंबू. रात्री थांबायला कोणी नसेल तर थांबा. ‘प्रार्थना केली तर चालेल का?’ असं विचारा, आणि ‘नको’ आलं तर चेहरा पाडू नका. ‘हो’ आलं तर तीन-चार वाक्यांत आटपा. आमच्याकडचे काही बंधू खाटेपाशी उभे राहून आदामापासून सुरुवात करतात. तिकडे सलाईन संपत आलेलं असतं, नर्स ताटकळत असते आणि रुग्णाला लघवीला जायचं असतं.

हॉस्पिटलचं बिल, शाळेची फी, किराणा यांच्या जोडीला पुस्तक देऊ नका. मदत करायची तर करा; पुस्तक घरी ठेवून जा. आमिष म्हणतात ते हेच, आणि त्याची शंका आली तरी मैत्री नासते. कायद्याचंही जाणून असावं. घटनेचं 25 वं कलम धर्माच्या प्रचाराचा हक्क देतं. पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. नवशिक्याने याने खट्टू होऊ नये. माणसाचं मन पालटणं हे नव्या करारातही त्याच्याकडे सोपवलेलं नाही. ते खातं पवित्र आत्म्याचं.

गणपतीच्या आरतीचं आमंत्रण आलं तर? इथे पाळकापाळकांत एकमत नाही. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न पौलालाही पडला होता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय पाहा. माझं मत: जावं, खुर्च्या मांडायला हात लावावा आणि प्रसाद घेणार नसाल तर तोंडावर, हसून सांगावं. मोदक टिश्यूत गुंडाळून खिशात घालू नये. तूप पँटला लागतं आणि यजमानाला दिसतं. नाताळात करंज्या-चकल्यांचं ताट घेऊन तुम्हाला त्याच दारात उभं राहायचं आहे.

आता ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांचा दाखला देणं आलंच. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्याने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तक देण्यापर्यंत अनुकरण करावं. भाकिताचा भाग नवशिक्यांनी गाळावा. शिवाय हेही ध्यानात घ्या की खुद्द टिळकांना घरात घाई करता आली नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 सालचा. टिळकांच्या बाप्तिस्म्याने पडलेल्या दुराव्यानंतर त्या पुन्हा नवऱ्याजवळ राहायला आल्या, तेव्हाही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, आणि टिळकांनी ते चालवून घेतलं. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सगळा संसार आहे. प्रचाराच्या कुठल्याही शिबिरापेक्षा ते पुस्तक वाचावं, असं मी म्हणेन. पुढे 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. 1919 मध्ये ते गेले, त्यामुळे दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत.

शेवटची पायरी: प्रश्न येण्याची वाट पाहणे. ‘तू हे खरंच मानतोस?’ असा काहीतरी तो असेल, आणि भलत्या वेळी येईल, बहुधा गाडी पंक्चर झालेली असताना. तेव्हा पाठ केलेली साक्ष म्हणू नका. तुम्हाला खरं वाटतं ते सांगा, आणि जे पटत नाही, कळत नाही, तेही सांगा. मग त्याचं ऐका, कारण त्यालाही तुकोबांबद्दल किंवा वारीबद्दल काही सांगायचं असेल.

प्रश्न कधी आलाच नाही तर? तर मित्राला घेऊन कोपऱ्यावर चहाला जा, आणि बिल या वेळी तुम्ही द्या.